उत्तरेकडून येणारी खरखर

व्हेस्तुरवीक, फेरो बेटे
२४ ऑक्टोबर १९८२

गुनवोरबाईंना समुद्रापलीकडून नमस्कार,

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास रेडिओवर तुमच्याशी बोलला तो मी. आपल्या हौशी रेडिओवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे भेटीची खूण म्हणून कार्ड सोबत आहे. त्यावर मावेना म्हणून हे पत्र.

आपण दोघांनीही एरियल उत्तरेला वळवली होती. सरळ एकमेकांकडे तोंड केलं असतं तर काही कानावर पडलं नसतं. पण आदल्या रविवारी सूर्यावर मोठी ज्वाला उसळली, मंगळवारी ध्रुवप्रकाश उतरला आणि आपलं मोर्सचं कट्टकडकट्ट त्या पडद्यावर आपटून एकमेकांच्या दारात येऊन पडलं. इथे तेव्हा एवढं धुकं होतं की मला माझी मेंढरंसुद्धा दिसत नव्हती. या गावी येऊन मला तीन वर्षं झाली, ध्रुवप्रकाश एकदाही दिसलेला नाही. ऐकतो मात्र दर वेळी. तुमचा आवाज ओल्या फरशीवर केरसुणी फिरवावी तसा आला. इतका सुरेख आवाज बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

माझ्याबद्दल सांगायचं तर तीस वर्षं मच्छीमार जहाजांच्या इंजिनघरात काढली. मोर्स जहाजावरच्या तारवाल्याकडून शिकलो. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगी मार्युन तोर्सहाव्नला असते. आमच्या गावात सहा घरं आहेत आणि रस्ता नाही. पोस्टमन सामाल डोंगर चढून येतो, म्हणून उत्तर लिहिलंत तर पातळ कागदावर लिहा, त्याचे गुडघे दुखतात.

तुमचा,
हानुस

*

हेर्नोसांद, स्वीडन
१४ नोव्हेंबर १९८२

प्रिय हानुस,

कागद पातळच घेतलाय. सामालना माझा नमस्कार सांगा.

आता केरसुणीचं. मी शाळेतल्या मुलांची दातांची डॉक्टर आहे. दिवसभर माझ्यासमोर माणसं तोंड उघडून बसतात, पण बोलत कुणीच नाही, म्हणून संध्याकाळी रेडिओ. माझ्या यंत्राचा स्वर आमच्या क्लबात सगळ्यांत स्वच्छ समजला जातो. सुराला नऊपैकी नऊ, कधी साडेआठसुद्धा नाही. तुम्ही ऐकलीत ती माझ्या स्वराची ध्रुवप्रकाशाने केलेली दशा होती. तो भल्याभल्यांच्या आवाजाची खरखर करून टाकतो. त्याला सुरेख म्हणून तुम्ही माझी थट्टा केलीत असं मी धरून चालते.

तेव्हा असं करू. दर रविवारी संध्याकाळी सातला मी साध्या लघुलहरींवर असते. तिथे ध्रुवप्रकाशाची गरज नाही, सूर्य झोपला असला तरी चालतं. या आणि माझा खरा स्वर ऐका. मग केरसुणीचे शब्द मागे घ्या.

आणि हो, त्या मंगळवारी संध्याकाळी मला तो दिसलासुद्धा. मी कपडे वाळत घातले होते ते काढायला गेले, तर चादरी हिरव्या दिसत होत्या. शेजारीण म्हणाली, निळीचं प्रमाण चुकलं वाटतं. मग तिने वर पाहिलं आणि आम्ही दोघी थंडीत कुडकुडत उभ्या राहिलो. तुम्हाला तो दिसत नाही याचं मला खरंच वाईट वाटलं.

गुनवोर

*

व्हेस्तुरवीक
१२ डिसेंबर १९८२

गुनवोरबाई,

थट्टा नव्हती. देवाशपथ नव्हती.

रविवारी यायचं ठरवलं होतं, पण आमच्या म्हाताऱ्या एडक्याने एरियलच्या तारेत शिंगं अडकवून अर्धी तार डोंगरावर नेली. ती गोळा करण्यात सगळा आठवडा गेला. पुढचंही सांगता येत नाही, एडका डूख धरणारा आहे.

ध्रुवप्रकाश मात्र पुन्हा यावा असं फार वाटतं. सूर्याला स्वतःभोवती फिरायला सत्तावीस दिवस लागतात, म्हणजे ती ज्वाला उसळवणारा सूर्यावरचा डाग परत समोर येईल असा मी हिशोब करतो. तुम्ही काय म्हणता? त्या दिवशी दुपारपासून मी यंत्रापाशी बसून असेन.

सोबत नाताळसाठी मेंढीच्या तंगडीचा तुकडा पाठवतोय. आमच्या फळ्यांच्या शेडमध्ये समुद्राच्या वाऱ्यावर वर्षभर वाळवलेला आहे. शिजवू नका, पातळ काप करून तसाच खा.

हानुस

*

हेर्नोसांद
२३ जानेवारी १९८३

प्रिय हानुस,

पोस्टाने घात केला. तुमचं मांस वाटेत खराब झालं. डबा उघडला तर बुरशी आणि असा वास, की माझ्या मदतनीस बाईंना वाटलं कुणाची तरी कुजलेली दाढ राहिली आहे. आम्ही ते बागेत पुरलं, आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याने रात्रभर तिथून हलायचं नाव घेतलं नाही. भावना पोचल्या. तुमच्यासाठी आमच्याकडचा आंबवलेल्या हेरिंग माशाचा डबा पाठवतेय. डबा फुगलेला दिसला तर घाबरू नका, तो फुगलेलाच असतो.

आता दुसरी गोष्ट. तुमची तार डोंगरावर गेली होती असं तुम्ही लिहिलंत. पण त्याच रविवारी सातला मी तुम्हाला लघुलहरींवर ऐकलं. ठणठणीत. तुम्ही सगळ्या जगाला हाक मारत होता. मी उत्तर दिलं. तुम्ही पुन्हा जगाला हाक मारली. मी पुन्हा उत्तर दिलं. तुम्ही माझ्या बोलण्यावरच बोलत राहिलात, मी जणू खुर्चीवर टाकलेला कोट आहे. असं मी गेल्या तीन रविवारी सोसलं.

ध्रुवप्रकाशातून माझ्याशी गप्पा मारायला तासभर असतो, आणि साध्या संध्याकाळी ओळखसुद्धा नाही? काही चुकलं असेल तर सांगा.

गुनवोर

*

व्हेस्तुरवीक
२० फेब्रुवारी १९८३

गुनवोरबाई,

मांस खराब नव्हतं. त्याला तसाच वास असतो. ते तुम्ही पुरलंत हे मी सामालला सांगितलं नाही, कारण ते त्याने डोंगरावरून पाठीवर नेलं होतं. उलट तुमचा मासा मात्र नक्कीच कुजलेला निघाला. डबा उघडला तेव्हा पाच घरांतली माणसं माझ्या घराकडे धावत आली. तो आम्ही पुरला.

रविवारचं म्हणाल तर, माझ्या इथे त्या वेळी फार गडबड असते. कोंबड्यांची. शिवाय हेडफोनची वायर सैल आहे.

या महिन्यातला ध्रुवप्रकाश काय होता! तुम्ही ऐकू आलात, स्कॉटलंडचा एक लोहार ऐकू आला, फिनलंडचे दोघे ऐकू आले. मी दोन वेळचं जेवण विसरलो. असे दिवस रोज यावेत.

हानुस

*

हेर्नोसांद
२० मार्च १९८३

हानुस,

आमच्या माशालासुद्धा तसाच वास असतो.

गेल्या रविवारी मी शेवटचा प्रयत्न केला. तुम्ही हाक मारलीत, मी उत्तर दिलं, तुम्ही हाक मारलीत. कोंबड्यांचा आवाज काही आला नाही.

मी एकटी राहते. मला गडबड आवडते, पण थापा आवडत नाहीत. आभाळ नाचलं तरच ज्याला माझी आठवण होते अशा माणसासाठी दर रविवारी कॉफी गार करायचं मला कारण नाही. सूर्यावरचे डाग कमी होत चालले आहेत असं मासिकात आलंय. म्हणजे तुमची अडचण आपोआपच मिटेल.

गुनवोर

*

व्हेस्तुरवीक
७ ऑगस्ट १९८३

गुनवोरबाई,

चार महिने हे पत्र लिहीत होतो. आधीची सगळी चुलीत गेली. आज सामाल दारात बसलाय आणि म्हणतोय, लिहिल्याशिवाय उठणार नाही.

माझ्या कानांत शिट्टी वाजते. तीस वर्षांच्या इंजिनांनी दिलेली भेट आहे. दिवसरात्र एकच बारीक, लांब शिट्टी, अगदी स्वच्छ. तुमच्या भाषेत नऊपैकी नऊ. मोर्सही शिट्टीच असते. यंत्राची शिट्टी माझ्या शिट्टीत मिसळते आणि मला दोन्ही वेगळ्या करता येत नाहीत. सूर चढवून पाहिला, उतरवून पाहिला, कानातली शिट्टीही मागोमाग येते. माणूस समोर बसून बोलला तर कळतं. नाताळातल्या साखळी नाचात गाणं ऐकू येत नाही, पण फळ्यांवर सगळ्यांचे पाय पडतात ते पायांनी ऐकतो आणि ठेका चुकत नाही. पण रेडिओवर सगळं जग मुकं झालं होतं.

मग एके दुपारी, गावी आल्याच्या पहिल्याच वर्षी, एरियल चुकून उत्तरेकडे राहिली आणि शिट्टीच्या मागून खरखर आली. खरखरीत अक्षरं होती. ध्रुवप्रकाशाने शिट्टीची पार वाट लावली होती, म्हणून मला ती ऐकू आली. बाई, मी यंत्रापुढे बसून रडलो. तुमच्या आवाजाला केरसुणी म्हटलं ते यासाठी. त्या आवाजाहून गोड मला काही नाही.

तुम्ही विचाराल, मग रविवारी हाका कशाला मारत होतो. मार्युनसाठी. हिवाळ्यात पहिल्याच वादळात इथल्या फोनची तार पडते. मी एकटा राहतो हे तिला पटत नाही. आमचं ठरलंय की रोज संध्याकाळी मी रेडिओवर कुणाशी तरी बोलतो, म्हणजे वेळ आली तर मदत मागता येईल. तेवढ्यावर तिने मला इथे राहू दिलंय. उत्तर कळत नसलं तरी हाक मारून मी शब्द पाळल्याचं समाधान करून घेतो. नाहीतर तोर्सहाव्नला तिच्या तिसऱ्या मजल्यावर खोली तयार आहे, खिडकीतून समोरच्या बँकेची भिंत दिसते. मी तिला सांगत आलो की स्वीडनच्या डॉक्टरीणबाईंशी रोज गप्पा होतात. ध्रुवप्रकाश वरचेवर होता तोवर ती निदान अर्धी थाप होती. आता सूर्य निवतोय.

तेवीस ऑक्टोबरच्या रविवारी मार्युन मेंढरं कापायला मदत करायला येतेय. म्हणाली, सातला मी तुमच्याशेजारी बसेन, मला त्या बाईंशी बोलायचंय.

हे तुम्ही काही करावं म्हणून लिहिलेलं नाही. तुम्ही खुर्चीवरचा कोट नव्हतात, एवढंच सांगायचं होतं.

हानुस

*

हेर्नोसांद
२८ ऑगस्ट १९८३

हानुस,

तू गाढव आहेस. आता तुम्ही-बिम्ही पुरे झालं.

पत्र वाचून मी आधी रडले, मग चिडले, मग तळघरातून पेचकस आणला. ऐक. भिंतीतून येणारी वीज हेलकावे खात येते. तिला सपाट करणारा एक भाग माझ्या यंत्रात आहे, त्याच्यामुळे माझा स्वर स्वच्छ. तो मी काल दाढ उपटावी तसा उपटला. पुन्हा यंत्र लावलं आणि शेजारच्या खोलीत ठेवलेल्या रेडिओवर स्वतःला ऐकलं. गटारात अडकलेल्या मधमाशीसारखा आवाज येतो. पंधरा वर्षं जपलेल्या स्वराचं असं मातेरं करताना मला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारपासून सातला मी या अवतारात येईन. ऐकू आलं तर लगेच उत्तर दे, आणि पत्रही टाक. नाही आलं तर आणखी काहीतरी उपटेन.

तुझं मांस मी पुरलं याबद्दल माफ कर. कुत्र्याने ते नंतर उकरून खाल्लं आणि त्याला काहीही झालं नाही.

गुनवोर

*

व्हेस्तुरवीक
१२ सप्टेंबर १९८३

गुनवोर,

केरसुणी नाही, करवत आहे. पण ऐकू आलीस. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. बाहेर धुकं होतं, सूर्य ढिम्म होता, उत्तरेकडे काहीही नव्हतं, आणि तू माझ्या कानांत करवत चालवत होतीस. उत्तर देताना माझी दोन अक्षरं चुकली, ते तुला कळलंच असेल.

माझ्याकडून सुराला नऊ. कार्डावर लिहून पाठवतोय, भिंतीवर लाव.

हानुस

*

हेर्नोसांद
२ ऑक्टोबर १९८३

प्रिय हानुस,

कार्ड लावलं. पण बातमी चांगली नाही.

हॉलंडच्या दोघांनी तक्रार केली. जर्मनीच्या एकाने चार पानांची केली, आकृत्यांसह. आमच्या क्लबाच्या अध्यक्षांनाही करायची होती, पण गेल्या आठवड्यात ते दाढेच्या कळा घेऊन माझ्याच खुर्चीत आले आणि तोंड उघडं असल्यामुळे त्यांना बोलता आलं नाही. शेवटी तारखात्याचे अधिकारी घरी आले. भला माणूस आहे, नियमाप्रमाणे वागला. म्हणाला, स्वर दुरुस्त करा आणि तोवर यंत्र बंद ठेवा. मी कबूल केलं. मी आजवर कधी रस्तासुद्धा लाल दिव्यावर ओलांडलेला नाही, हे तुला सांगून ठेवते.

म्हणून दुसरा उपाय केलाय. एक डबा बनवला आहे. तो तुझ्या यंत्राला जोडायचा. आत शिट्टी गेली की बाहेर खरखर येते. मग मीच काय, सगळं जग तुला खरखरीत ऐकू येईल. स्वर माझ्याकडे बिघडण्याऐवजी तुझ्या टेबलावर बिघडेल, आणि त्याला कुठल्याच खात्याची हरकत नाही. डबा आज बोटीने निघाला. तेविसाच्या आत पोचायला हवा. सामालला सांग, गुडघ्यांना मी नंतर मलम पाठवते.

गुनवोर

*

व्हेस्तुरवीक
२० नोव्हेंबर १९८३

प्रिय गुनवोर,

तुला रेडिओवर सगळं सांगितलंय, पण ते तुकड्यातुकड्यांत. एकदा नीट लिहितो.

डबा तेविसाला आलाच नाही. तीन दिवस वादळ होतं, बोट बंदराला लागली नाही. सामाल रविवार असूनही सकाळी डोंगर ओलांडून आला, ओलाचिंब, आणि रिकामे हात दाखवून उंबऱ्यावर बसला. मार्युनने दुपारभर मेंढरं सोलली. सात वाजायला आले तशी ती हात धुऊन माझ्याशेजारी बसली. तू अधिकाऱ्यांना शब्द दिला होतास. म्हणजे आता स्वच्छ शिट्टी येणार, मी तिच्यावरच बोलत राहणार आणि मार्युन बघत बसणार. तोर्सहाव्नची ती बँकेची भिंत मला डोळ्यांपुढे दिसत होती.

मी हाक मारली. आणि करवत आली.

लाल दिव्यावर रस्ता न ओलांडणारी बाई तू, आणि वादळाची बातमी ऐकून डबा अडकला हे ताडलंस. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही. मी तुझं बोलणं एकेक अक्षर मोठ्याने वाचून मार्युनला सांगितलं. तुझी कॉफी, तुझ्या खुर्चीत बसून बोटं चावणारा पोरगा, सगळं. मग तिने हेडफोन स्वतःच्या कानांना लावला आणि लगेच काढला. म्हणाली, "बाबा, तुमच्या मैत्रिणीचं मशीन बिघडलंय."

मी म्हटलं, "बिघडलेलं नाही. माझ्यासाठी बिघडवलंय."

मग सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता सामान बांधायला सांगणार. पण ती म्हणाली, तिच्या आईच्या अंत्यविधीला मी भजनाच्या ओळी पायांनी मोजत होतो, तेव्हाच तिला माझ्या कानांचं कळलं होतं. तिला भीती कानांची नव्हती. एखाद्या वाईट संध्याकाळी मी गप्प झालो तर ते जगात कुणालाच कळणार नाही, याची होती. "एक बाई तिकडे तुमच्यासाठी कायदा मोडून बसली आहे," ती म्हणाली. "राहा मग इथेच. मी तुम्हाला इथून नेलं, तर ती इथे येऊन मला धरेल."

डबा मंगळवारी आला. मार्युननेच जोडला. तेव्हापासून हॉलंड, जर्मनी, सगळे खरखरतात. त्या चार पानी तक्रारवाल्या जर्मनाशी काल बोललो, तासभर सोडत नव्हता. तू आता आपला स्वर परत स्वच्छ केलास हे बरं झालं, मला काही फरक पडत नाही.

आता गेल्या रविवारचं. आपलं बोलणं मध्येच बारीक होत गेलं, आठवतं? तू त्या चावणाऱ्या पोराने शेवटी तोंड कसं उघडलं ते सांगत होतीस. मार्युन सुट्टीला आली होती. ती बाहेरून धावत आत आली, माझ्या बाहीला ओढून म्हणाली, धुकं फाटलंय, सगळं आभाळ हिरवं झालंय, या लवकर. म्हणजे ध्रुवप्रकाशच उतरला होता, आणि लघुलहरींवरचा तुझा आवाज तोच गिळत होता. गंमत बघ. पूर्वी तो आला तरच तू यायचीस, आता तो आला की तू बुडतेस.

मी हात वर करून तिला म्हटलं, "थांब जरा. गुनवोर बोलतेय."

पोराची गोष्ट संपली, आपला निरोप झाला, मग कोट चढवून बाहेर गेलो. धुकं परत आलं होतं. म्हणजे अजूनही मी तो पाहिलेला नाही.

मार्युन म्हणाली, फार सुंदर होता. मी म्हटलं, असेल.

तुझा,
हानुस